मुक्कामाची बुलेट

मोटारसायकलच्या बहुतेक दुखण्यांना वेळकाळ नसतो. चेन सैल पडली की ती सकाळीही वाजते आणि रात्रीही. क्लचप्लेट गेली की माळशेजच्या चढाला जशी घसरते तशीच मुरबाडच्या बाजारपेठेतही घसरते. गार इंजिन सुरू न होण्याचा दोष मात्र चोवीस तासांतून एकदाच तोंड दाखवतो. रात्रभर उभी असलेली गाडी पहाटे अडून बसते, पायात गोळे येईपर्यंत किका मारायला लावते, मध्येच दोन ठोके देऊन पुन्हा गप्प होते. शेवटी कशीबशी सुरू झाली की मग दिवसभर तक्रार नाही. मेकॅनिककडे न्यावी तर तिथं पहिल्या किकला सुरू. दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवताच ज्याचा ताप उतरतो, अशा रोग्याची नाडी बघून उपयोग काय? त्यात इंजिन आतपर्यंत गार व्हायला सबंध रात्र लागते. म्हणजे काही दुरुस्ती करून बघितली तरी ती लागू पडली की नाही याचा निकाल दुसऱ्या दिवशी पहाटे, आणि तोही एकदाच. उतावीळपणा करून दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशानं आला हे कायमचं गुलदस्त्यात.

गाडी माझ्या मामांची. साडेतीनशेची बुलेट, बिडाच्या इंजिनाची. सरळगावाजवळ मामांचं घर आहे, त्याच्या पडवीत ती कित्येक पावसाळे गोणपाटाखाली उभी होती. सीटवर कोंबड्या बसायच्या आणि सायलेन्सरच्या तोंडाशी कुंभारणीनं मातीची घरं बांधली होती. मामांचा धंदा गवताचा. शहापूर-मुरबाडच्या माळांवरचं गवत कापून घ्यायचं, दाबून गठ्ठे बांधायचे आणि मुंबईच्या तबेल्यांना धाडायचं. माळाचे मालक, वखारवाले, ट्रकवाले, कल्याणचे व्यापारी अशी त्यांची दिवसभर वणवण असे. मुरबाडला रेल्वे नाही आणि एसटी आपल्या वेळेनं येणार, तेव्हा बुलेट हेच मामांचं ऑफिस होतं. त्या काळी आमच्या भागात मोटारसायकल बघून माणसाचा धंदा ओळखता येत असे. दुधवाल्याकडे राजदूत. पोलंडच्या एका गाडीवरून एस्कॉर्ट्सनं बनवलेली ती १७५ सीसीची दोन-स्ट्रोक गाडी दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या घेऊन कसल्याही पायवाटेनं जायची. हौशी मंडळींकडे म्हैसूरची जावा, पुढे येझदी. तिचा किकचा आणि गिअरचा दांडा एकच असल्यामुळे नवख्याला ती सुरू करून दाखवणं हाच एक करमणुकीचा कार्यक्रम असे. आणि ज्याला वजन न्यायचं होतं किंवा आपलं वजन दाखवायचं होतं, त्याच्याकडे बुलेट. मामांना दोन्ही करायचं होतं.

बुलेट मूळची इंग्लंडातल्या रेडिचची. आपल्या लष्कराला गस्तीसाठी दणकट मोटारसायकल हवी होती, त्यातून ती इकडे आली आणि १९५५ मध्ये मद्रासला एन्फील्ड इंडिया उभी राहिली. रेडिचचा कारखाना काळाच्या ओघात मिटला, मद्रासचा चालूच राहिला, आणि तिकडे म्हातारं ठरलेलं इंजिन इकडे किरकोळ फेरफार होत या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरपर्यंत तयार होत होतं. ३४६ सीसी, बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर. पिस्टन जाडीला बेताचा आणि वरखाली मात्र लांब पल्ला मारणारा, म्हणून ठोका संथ आणि ओढ जबर. सिलिंडर बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवावं, आमचं सगळं रामायण त्याच्याच आसपास घडलं.

मामांचे गुडघे गेले तेव्हा गाडी माझ्याकडे आली. मी शहापुरात राहतो. इंजिन बांधून घ्यायचं ठरलं ते मुरबाडच्या एका मिस्त्रींकडे. बुलेट, जावा, राजदूत यांच्यावर हात बसलेली माणसं आता फार उरलेली नाहीत. त्यांची शेड पत्र्याची आणि समोर रस्ता. कल्याणहून माळशेजकडे जाणारं सगळं जड वाहतुकीचं जग त्या शेडीच्या दारावरून जातं. मिस्त्रींनी इंजिन उतरवलं, सिलिंडर रिबोअर करून आणला, नवा पिस्टन, नव्या रिंगा, व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवले, क्रँकच्या बेअरिंगा बदलल्या, पॉइंट-कंडेन्सर नवे घातले. जुना अमल जातीचा कार्बोरेटर झिजून ढिला झाला होता. त्याच्या जागी मिकार्बचा आला. इंजिन बांधून झालं त्या दुपारी ते पहिल्या किकला बोललं. मामा मुद्दाम रिक्षा करून आले होते. त्यांनी सीटवर हात ठेवून जरा वेळ ठोका ऐकला आणि एवढंच म्हणाले, “आवाज बरा हाय.” मामांच्या तोंडून यापेक्षा जास्त कौतुक आमच्या घरात कोणी ऐकलेलं नाही.

नव्यानं बांधलेलं इंजिन सुरुवातीला थोडं आडमुठं असणारच. नव्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला घासून घासून बसतात, तोवर कॉम्प्रेशन पुरतं भरत नाही. व्हॉल्व्ह आपापल्या सीटवर ठोकून ठोकून घट्ट बसायला वेळ घेतात. पॉइंटची फायबरची टाच नवीन असताना भराभर झिजते, त्यामुळे फट कमी होते आणि टायमिंग मागे पडतं. हे सगळं मिस्त्रींनी आधीच सांगितलं होतं. रनिंग-इन होईपर्यंत दामटू नका, मग पहिल्या सर्व्हिसला या. दिवाळीच्या आसपास ती सर्व्हिस झाली. ऑईल बदललं, हेडचे नट पुन्हा आवळले, पॉइंट आणि टॅपेट पाहिले. त्यानंतर गाडी चालण्यात सुधारली आणि पहाटे उठण्यात बिघडली. पण नेमकी तेव्हाच थंडी पडायला लागली होती, त्यामुळे सगळ्यांनी एकमतानं थंडीवर खापर फोडलं. थंडीला काही बोलता येत नाही, हे एक बरं असतं.

खरं तर थंडीचा यात हात असतोच. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. गार सकाळी कार्बोरेटरमधून निघालेलं निम्मंशिम्मं पेट्रोल गार धातूच्या भिंतीला चिकटून बसतं आणि सिलिंडरपर्यंत पोचते ती नुसती हवा नि नावापुरती वाफ. म्हणून चोक. चोकचं काम पेट्रोलचा वाटा वाढवणं, म्हणजे काही भाग वाया गेला तरी ठिणगीला पेटवायला पुरेसं काही मिळावं. त्यात गार ऑईल जाड झालेलं असतं, क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असतात, बॅटरीचा जोर उतरलेला असतो. शहापूर काही काश्मीर नव्हे. पण मुंबईहून कसाऱ्याच्या लोकलनं पहाटे आसनगावला उतरणारा माणूस फलाटावर पाय ठेवताच मफलर गुंडाळतो, आणि सापगावच्या पुलावर भातसा नदीचं धुकं इतकं दाट असतं की समोरच्या टेम्पोचा दिवा दिसण्याआधी त्याचा हॉर्न ऐकू येतो. माहुलीचा डोंगर नऊ वाजल्याशिवाय अंगावरचं पांघरूण काढत नाही. एवढी थंडी बिडाच्या इंजिनाला पुरते.

आळीतल्या प्रत्येकाकडे उत्तर होतं. एकाच्या मते प्लग गार पडतो, तो काढून गॅसवर तापवून लावावा. (हा उपाय खरोखर लागू पडतो, पण रोज पहाटे चहाच्या आधी प्लग शेगडीवर ठेवू देणारी बायको मिळायला पूर्वपुण्याई लागते.) दुसऱ्याच्या मते बॅटरी. तिसऱ्याच्या मते जुन्या गाड्यांना घरातच घेऊन झोपावं. एका तरुण मुलानं मोबाईलवर बघून सांगितलं की सेल्फ बसवून टाका. या सगळ्या सल्ल्यांत एक समान धागा होता, तो म्हणजे कोणीच पहाटे उठून गाडी बघायला आलेलं नव्हतं.

मामा मात्र आले. मुलीकडे शहापूरला मुक्काम होता, पहाटे उठून काठी टेकत माझ्या दारात. मला किक मारताना पाहून त्यांनी आधी माझ्या हाताकडे पाहिलं. त्यांचा स्वतःचा जुना रिवाज वेगळा होता. अमलच्या कार्बोरेटरला एक छोटं बटण असतं, टिकलर. ते दाबून धरायचं, फ्लोट खाली जातो, पेट्रोल भरून बाहेर पाझरतं, बोटाला गार लागतं. मग अ‍ॅक्सिलरेटर जरा उघडून किक. मिकार्बचा कारभार याच्या नेमका उलटा. त्याचा चोक म्हणजे स्वतंत्र वाटेनं जादा पेट्रोल ओढणारी छोटी यंत्रणा आहे, आणि ती ओढण्यासाठी पलीकडे निर्वात हवा. अ‍ॅक्सिलरेटर बंद असेल तरच तो तयार होतो. मूठ जरा पिळली की मोठी वाट उघडते, ओढ नाहीशी होते आणि चोक ओढूनही न ओढल्यात जमा. हे मी मिस्त्रींकडून ऐकलेलं मामांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पटलं नसल्याचं स्पष्ट दिसू दिलं आणि म्हणाले, “आमच्या टायमाला एवढी नाटकं नव्हती. बरं, मूठ सोड. आता मीटर बघून मार.”

बुलेट अंदाधुंद किका मारून सुरू करायची गाडी नव्हे. हेडलाइटच्या वरच्या घमेल्यात एक अँपिअर मीटर असतं. चावी फिरवून किक हळूहळू पायानं खाली नेत राहायचं. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून करंट जातो, काटा डावीकडे झुकतो. पॉइंट उघडले की काटा मध्यावर येतो. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाशी पोचल्याची ती खूण. तिथं थांबायचं. डाव्या हाताखालचा डिकॉम्प्रेसरचा छोटा लिव्हर ओढायचा, म्हणजे हेडमधली एक बारीक झडप उघडून दाबलेली हवा निघून जाते. पिस्टन केसभर पुढं सरकवायचा, लिव्हर सोडायचा, किक पूर्ण वर येऊ द्यायची, आणि मग अंगाचं सगळं वजन टाकून एकच सणसणीत किक, शेवटपर्यंत. अर्धवट मारली तर ती उलटी येते आणि नडगीवर आपली सही करून जाते. आमच्या मामांच्या उजव्या नडगीवर तशी एक आहे, ते ती पाहुण्यांना दाखवतात.

मी काटा मध्यावर आणायला किक दाबत होतो आणि मामा म्हणाले, “थांब. सोड. पुन्यांदा दाब.” मी दाबली. “किक रिकामी जातंय. हिच्यात दम नाय.”

मी म्हटलं, मामा, नव्या रिंगा आहेत, रिबोअर झालंय, दम नसायला काय झालं? त्यांनी उत्तर दिलं नाही. गुडघ्याचा विचार न करता स्वतः किकवर पाय दिला. चांगल्या कॉम्प्रेशनच्या बुलेटची ही जुनी परीक्षा आहे: कॉम्प्रेशनच्या टोकाशी किकवर उभं राहिलं तर किकनं माणसाला काही क्षण तोलून धरलं पाहिजे आणि मग सावकाश खाली सोडलं पाहिजे. मामा किकवर उभे राहिले आणि सरळ खाली गेले. त्या दिवशी दुपारी, गाडी फिरवून आणल्यावर, तीच परीक्षा मी केली. किकनं मला निवांत तोलून धरलं. म्हणजे पहाटे दम नाही, दुपारी दम आहे. पेट्रोल, प्लग, बॅटरी, कुठल्याच गोष्टीनं याचा उलगडा होत नव्हता.

तरी पेट्रोलबद्दल बोलायलाच हवं, कारण ते निर्दोष नव्हतं. मामांनी गवताच्या धंद्यात जे पेट्रोल जाळलं ते आणि आज पंपावर मिळतं ते, ही दोन वेगळी द्रव्यं आहेत. देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचं प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर गेलं आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचलं. आपल्या महाराष्ट्रात तर ते उसाच्या रसाचं आणि मळीचं, म्हणजे नात्यातलंच. इथेनॉल वाईट नाही, पण जुन्या कार्बोरेटरला त्याची ओळख नाही. पेट्रोलचा एक भाग नीट जाळायला वजनानं साधारण पावणेपंधरा भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच. म्हणजे कार्बोरेटरच्या जेटातून पूर्वीइतकंच इंधन येत राहिलं तर २० टक्के मिश्रणाला ते कमी पडतं, मिश्रण पातळ होतं. शिवाय पेट्रोलमधले हलके घटक गारठ्यातही उडतात, तर इथेनॉल एकसंध पदार्थ, ७८ अंशांना उकळणारा, आणि वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषून घेणारा. तो आधीच गार असलेली वाट आणखी गार करतो. तो पाणीही शोषतो. आमच्याकडचा पावसाळा म्हणजे चार महिने भिंतींना घाम. अर्धी रिकामी टाकी तशीच ठेवली तर तळाशी पाणी-इथेनॉलचा वेगळा थर जमू शकतो आणि नळ टाकीच्या तळाशीच असतो. जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर यात फुगतात, मऊ पडतात. मिस्त्रींनी इंजिन बांधतानाच नळी बदलली होती, इनलेटचा रबरी जोड तपासला होता, आणि पायलट जेट एक नंबर मोठा टाकायचा त्यांचा विचार होता. पण तो त्यांनी लांबणीवर टाकला. त्यांचं म्हणणं असं की दोष सापडायच्या आधी जेट वाढवला तर गाडी पहाटे कदाचित सुरू होईलही, पण मग खरं दुखणं कायमचं झाकलं जाईल. इंजिनाच्या कामात मी ऐकलेलं हे सर्वांत शहाणं वाक्य.

अडचण होती ती रस्त्याची. शहापुरातून निघायचं, सापगावच्या पुलावरून भातसा ओलांडायची, किन्हवली मागे टाकायची, सरळगावला मामांकडे थांबून चहा घ्यायचा आणि मग मुरबाड. या वाटेनं शेडीपर्यंत पोचेस्तोवर इंजिन असं तापलेलं असे की पंख्यांवर थेंब टाकला तर तो चुर्र करून उडावा. मिस्त्री किक मारत, पहिल्या फटक्याला सुरू. पॉइंटची फट बघत, बरोबर. पॉइंट कधी उघडतात हे बघायला ते सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरून हळूहळू इंजिन फिरवत. कागद सुटला तो क्षण आणि पिस्टनची जागा, दोन्ही जुळत. ठिणगी निळी, जाड. टॅपेट? तेही सर्व्हिसच्या वेळी बघितलेले, आत्ताही बरोबर. दुसरं कोणी असतं तर थोडी खटपट करून बिल लावलं असतं. हे हात पुसत उभे राहिले आणि म्हणाले, “सर, गाडी ठेवून जा. रात्री इथं मुक्काम करू द्या. मी पहाटे बघतो.” मग जरा थांबून, “तुम्ही पण या. तुमच्या पायाची सवय तिला आहे.”

पौष होता. म्हशाच्या यात्रेचे दिवस. पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराच्या त्या यात्रेत बैलांचा मोठा बाजार भरतो, घोंगड्यांची दुकानं लागतात, आणि मुरबाड तालुक्यातली थंडी त्याच सुमारास सगळ्यांत बोचरी असते असं आमच्याकडची माणसं पिढ्यान् पिढ्या सांगत आलीत. मी रात्री मामांकडे झोपलो. पहाटे मामा माझ्याआधी तयार होते, कानटोपी घालून. त्यांना न नेण्याचा प्रश्नच नव्हता.

शेडीसमोरचा रस्ता त्या वेळी रिकामा होता. दिवसा त्या जागी ट्रक, एसटी आणि डंपर यांच्यामुळे शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. मिस्त्रींनी गाडीला चावीसुद्धा लावली नाही. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाकडे आणून मला किकवर अंग टाकायला सांगितलं आणि स्वतः खाली बसले. आधी कान कार्बोरेटरच्या तोंडाशी. काही नाही. इनलेट व्हॉल्व्ह गळत असता तर तिथून सुस्कारा आला असता. मग इंजिनाच्या ब्रीदर नळीशी. तिथंही काही नाही. रिंगा गळत असत्या तर हवा खाली उतरून तिथून निघाली असती. मग ते मागे सरकले, सायलेन्सरच्या टोकाशी कान नेला आणि बोट वर केलं. मी पुन्हा दाबलं. मलाही ऐकू आलं: बारीक, सलग, हवा सुटल्याचा आवाज. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नव्हता.

मिस्त्रींनी आधी डिकॉम्प्रेसरची केबल तपासली. ती ताणलेली असती तरी कॉम्प्रेशन असंच गेलं असतं. केबल सैल होती. मग त्यांनी सिलिंडरच्या पायाशी असलेलं टॅपेटचं झाकण, जे एकाच नटावर बसतं, ते काढलं. आत दोन पुशरॉड उभे असतात. बुलेटचं टॅपेट लावायची रीत अशी की पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवला तर सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. ना फट, ना दाब. इनलेटचा फिरला. एक्झॉस्टचा फिरेना. त्यांनी अंगठा आणि तर्जनी पुसून पुन्हा प्रयत्न केला. पुशरॉड जागच्या जागी गच्च. कुठल्याही दुपारी त्याच मिस्त्रींनी, त्याच बोटांनी फिरवलेला.

ते थोडा वेळ तसेच उकिडवे बसून राहिले. मग म्हणाले, “गरमवर लावलाय.”

कारण समजावून घ्यायला मला वेळ लागला, पण ते इतकं साधं आहे की राग येतो. इंजिन तापलं की सिलिंडर आणि त्यावरचं अ‍ॅल्युमिनियमचं हेड फुगून उंच होतात. हेडबरोबर रॉकर वर जातो. पुशरॉड मात्र बाजूच्या भोगद्यात, तुलनेनं गार जागी उभा असतो. तो त्या मानानं कमी वाढतो. त्यामुळे गरम इंजिनात टॅपेटची फट वाढते आणि गार झालं की पुन्हा मिटते. म्हणूनच हे टॅपेट गार इंजिनावर शून्य फटीला लावायचे असतात, तापल्यावर हवी तेवढी जागा आपोआप मिळते. दिवाळीतल्या सर्व्हिसला मी शहापूरहून आलो, हेडचे नट आवळून झाले, इंजिन अजून चटके देत होतं, आणि त्याच अवस्थेत फट शून्यावर आणली गेली. रात्री सिलिंडर आखडला, तेव्हा शून्याच्याही खाली जायला जागा नव्हती, म्हणून पुशरॉडनं व्हॉल्व्ह केसभर उघडा धरला. त्यात नवीन घासलेला व्हॉल्व्ह सीटमध्ये आणखी बसत गेला, म्हणजे दाब वाढतच गेला. पहाटे कॉम्प्रेशन सायलेन्सरमधून पसार. किका मारून मारून, इंजिनाच्या घर्षणानं आणि अधूनमधून पेटलेल्या ठोक्यानं जरासं तापलं की सिलिंडर वाढे, व्हॉल्व्ह मिटे, गाडी सुरू होई. आणि मुरबाडपर्यंत येता येता सगळं इतकं बरोबर होई की दाखवायला काही उरत नसे.

यात मिस्त्रींना दोष द्यावा असं मला वाटत नाही, आणि ते केवळ भिडेपोटी नव्हे. गॅरेजमध्ये गार गाडी कधी येतच नाही. ती चालत येते, तापून येते. मालक स्टुलावर बसून घड्याळाकडे बघत असतो. त्याला अंधाराच्या आत किन्हवली ओलांडायची असते. इंजिन गार व्हायला चार तास थांबा म्हणणाऱ्या मेकॅनिककडे दुसऱ्यांदा कोण जाईल? कंपनीच्या पुस्तकात गार इंजिनावर असं छापलेलं असतं, पण पुस्तक लिहिणाऱ्याच्या समोर गिऱ्हाईक बसलेलं नसतं. जुन्या गाड्यांची किती दुखणी अशी दुरुस्तीच्या घाईतच जन्मत असतील. मामांच्या काळात हा प्रश्न आला नसावा, कारण तेव्हाचा मिस्त्री सरळगावातच होता, गाडी त्याच्याकडे ढकलत नेली जायची आणि काम होईपर्यंत मामा गवताचा हिशेब करत तिथंच बसायचे, कधी दिवसभर.

दोन पाने लावून मिस्त्रींनी खालचा अ‍ॅडजस्टर जरासा फिरवला, लॉकनट आवळला, पुशरॉड फिरवून पाहिला. आवळताना तो थोडा सरकतो म्हणून पुन्हा सोडला, पुन्हा आवळला. मामांनी मध्ये बोट घालून स्वतः फिरवून बघितला. झाकण लागलं. मला किकवर उभं राहायला सांगितलं आणि किकनं मला तोलून धरलं, इतकं की मामा म्हणाले, “आता उतर खाली, चावी दे तिला.” चोक, मूठ सोडलेली, काटा मध्यावर, डिकॉम्प्रेसर, किक. समोरच्या हॉटेलवाल्यानं शटर वर करता करता मान वळवून बघितलं.

जेटचं काम त्यानंतर झालं, वेगळ्या मुक्कामी. पायलट जेट एक नंबर वाढवल्यावर पहिल्या मिनिटातलं आचके देणं गेलं, एअर स्क्रू अर्धा फेरा इकडेतिकडे करावा लागला. मामांना या जेटचं श्रेय मान्य नाही. त्यांच्या मते गाडीला दम मिळाला तिथंच विषय संपला होता आणि उरलेलं सगळं मिस्त्रींनी हौसेखातर केलं.

मिस्त्रींनी मात्र आता नियमच केलाय. टॅपेटचं काम असेल तर बुलेट रात्रीची सोडून जायची. शेडीत रोज एक-दोन गाड्या मुक्कामाला असतात. चोरीची भीती म्हणून सगळ्यांच्या चाकांतून एकच साखळी ओवून ते शेडीतच खाट टाकून झोपतात आणि उजाडायच्या आत पाने घेऊन बसतात. बऱ्याच मालकांना हे पटत नाही, ते दुसरीकडे जातात. धसईकडचा एक दूधवाला अजून राजदूत चालवतो. तिचंही पहाटेच सुरू न होण्याचं दुखणं आहे. त्याला गाडी मुक्कामाला ठेवून चालत नाही, कारण पहाटेच दूध घालायचं असतं. तेव्हा मिस्त्रींनीच एका रात्री त्याच्या गोठ्यात झोपायला जायचं ठरवलंय. राजदूत दोन-स्ट्रोक, तिला टॅपेटच नसतात, त्यामुळे तिथं काय निघेल याबद्दल मामा आणि ते यांच्यात आतापासूनच पैज लागली आहे.